सदऱ्याआडचा खोकला

चौदा वर्षं मी बाहीचं बटण उघडं ठेवलं नाही. चैत्र-वैशाखात आमच्या माण तालुक्यात ऊन चाळिशीच्या वर जातं, माणसं बंडीवर नाहीतर उघड्या अंगानं पारावर बसतात आणि मी मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घालून, गळ्याचं बटण लावून हिंडायचो. लोक म्हणायचे, परमुलखात राहून आलाय, राहणी टापटीप आहे. सदऱ्याच्या आत कोपरापासून पाठीपर्यंत लाल चट्टे होते आणि त्यांवर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे. रात्री अंथरूण झटकलं की मूठभर कोंडा निघायचा. तो बायको पहाटे कुणी उठायच्या आत झाडून काढायची.

त्या सदऱ्यापायी माझा जीव जायची वेळ आली होती. ती हकिकत सांगायची आहे.

माझं गाव म्हसवडपासून थोडं आत, माणगंगेच्या काठी. काठ आपला म्हणायचा. वर्षातले कितीतरी महिने नदीत वाळूच असते. पाऊस असा बेभरवशाचा, म्हणून आमच्याकडची पोरं शाळा सुटली की गलाईला जातात. आटपाडी, खानापूर, माण, खटाव या सगळ्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या पैशावर उभी आहेत. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात गेलात तर आमच्या भागातला माणूस भेटेल. मी १९८९ साली, सतराव्या वर्षी, थोरल्या मामांच्या दुकानात कोईमतूरला गेलो.

जुनं, मिसळीचं सोनं शुद्ध करून द्यायचं हे गलाईचं काम. सोन्यात आणखी चांदी घालून ते मुशीत आटवायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी त्या तेजाबात विरघळते, सोनं तळाला तपकिरी भुकटी होऊन राहतं. ती भुकटी धुऊन पुन्हा मुशीत घातली की पिवळंधमक सोनं हाती येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जादूच वाटली होती. पण उकळताना भांड्यातून तांबूस धूर उठतो. आमची आतली खोली आठ बाय दहाची, खिडकी एकच. तोंडाला ओला रुमाल बांधायचो, बस्स. त्या धुराचा स्वभाव मला फार उशिरा कळला. तो नाकातोंडाला फारसा झोंबत नाही, म्हणून माणूस तिथं थांबून राहतो. इजा होते ती आत खोलवर, आणि तिचा त्रास कधी कधी कित्येक तासांनी सुरू होतो. रात्री आम्हा पोरांच्या छात्या भरून यायच्या. मामा म्हणायचे, "गूळ खा रे, छाती साफ होती." आम्ही गूळ खायचो.

२००४ साली उजव्या कोपरावर रुपयाएवढा चट्टा उठला. तेजाब उडालं असेल म्हणून सोडून दिलं. सहा महिन्यांत दुसरं कोपर, गुडघे, डोक्याच्या कडा. तेव्हा मी गल्ल्यावर बसायचो, सोनारांशी बोलायचो, टंच काढून द्यायचो. एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकानं माझ्या हातातून पुडी घेता घेता हात मागं घेतला आणि ती टेबलावर ठेवायला सांगितली. बोलला काहीच नाही. संध्याकाळी मामा जवळ बसले आणि फार मायेनं म्हणाले, "तू आता आतच काम बघ लेका. हितं लोक येत्यात-जात्यात."

मामांचा राग मी कधी धरला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. पण त्या दिवसापासून पुढची सात वर्षं मी गल्ल्यावर बसलो नाही, धुराच्या खोलीतच राहिलो. कातडीवरचा डाग लपवायला माझी छाती पुढं केली गेली, आणि पुढंही हेच घडत गेलं.

२०११ साली वडील गेले आणि मी गावी परतलो. डाळिंबाची बाग लावली, दोन गाई घेतल्या. अंगावरच्या रोगाला गावात कुणी नायटा म्हणायचं, कुणी गजकर्ण. म्हाताऱ्या बायका महारोगाची शंका घ्यायच्या, पण माझ्या तोंडावर नाही. एका ओळखीच्यानं बावचीचं तेल दिलं. लावून उन्हात बसलो तर दुसऱ्या दिवशी फोड आले, आणि फोड सुकले त्या जागी नवे चट्टे उठले. पुढं समजलं की बावचीत कातडीला उन्हाचा चटका जास्त लावणारं द्रव्य असतं. त्याचाच मोजून-मापून वापर करून दवाखान्यातले किरणोपचारही निघाले आहेत. पण न मोजता लावलं तर कातडी भाजते, आणि या रोगात जिथं इजा होते तिथं चट्टा उठतो.

मग इंजेक्शनं. जवळपासच्या एका डॉक्टरांकडे जायचो. ते एक सुई टोचायचे आणि आठ दिवसांत अंग लख्ख व्हायचं. महिन्यानं पुन्हा दुप्पट. त्या सुईत स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस उसळून येतो, कधी सगळं अंग लाल होतं, पू धरतो, माणूस दगावायची पाळी येते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

'सोरायसिस' हा शब्द मी २०१७ साली पहिल्यांदा ऐकला. मुलगी कॉलेजात होती, तिनं हट्ट धरला आणि मला शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी एका चट्ट्यावरचा पापुद्रा हळूच खरवडला, खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले. म्हणाले, "हा संसर्गाचा रोग नाही. कुणाच्या ताटात जेवा, कुणाला कडेवर घ्या. तुमच्या शरीराची संरक्षण करणारी फौज तुमच्याच कातडीवर उठलीय." साधारण महिन्याभरात बदलणारी कातडी या रोगात चार-पाच दिवसांत बदलायला लागते, म्हणून तो कोंडा. मुलगी तिथंच रडली. एवढ्या वर्षांत मी तिच्या ताटातला घास कधी घेतला नव्हता.

त्यांनी रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ होता. मग मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू केल्या. या औषधाबद्दल माझ्या मनात आजही राग नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते तयार झालं, आणि तिथलं संशोधन येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्याच आंध्रातल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली चालायचं. आधी रक्ताच्या कर्करोगावर, मग सोरायसिसवर, संधिवातावर. स्वस्त आहे, आणि लाखो माणसं ते घेऊन नीट राहिली आहेत. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर रक्त तयार करणारा हाडांतला मगजच बंद पडतो, माणसं मेली आहेत. आमच्या घरी रविवार नैवेद्याचा, म्हणून बायकोनं रविवार धरला. नैवेद्य दाखवून झाला की गोळी हातावर ठेवायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. एकही रविवार चुकला नाही.

आणि अंग सुधारलं. दिवाळीपर्यंत कोपरं मऊ झाली. संक्रांतीला मी बाही दोन घड्या वर केली, तर आईनं माझ्या हातावरून हात फिरवला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्याला रक्त तपासा आणि काही त्रास झाला तर लगेच कळवा. मी त्रास म्हणजे उलटी, कावीळ, ताप एवढंच समजत होतो. २०१८ च्या फाल्गुनात कोरडा खोकला लागला. खोकल्याला मी त्रासात धरलंच नाही. आमच्याकडं त्या दिवसांत वारा सुटतो, मळणीचा भुसा उडतो, गावात निम्मी माणसं खोकत असतात. खोकल्यात कफ नव्हता, घरघर नव्हती. ठसका लागायचा तो थांबायचा नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. बायको म्हणाली, "आवो, रातभर खोकताय. माझा डोळा लागत न्हाई त्याचं काय न्हाई, तुमचा लागत न्हाई." मी खोकल्याची बाटली आणली. मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला नाही. एका डॉक्टरांनी गलाईचं ऐकलं आणि म्हणाले, "धुराची छाती आहे तुमची, एवढं चालायचंच." मलाही ते पटलं. त्यात खोटं काही नव्हतंच. या सगळ्या दवाखान्यांत मी सदरा घालूनच बसलो. डॉक्टर नळी सदऱ्यावरूनच लावायचे, दोन ठिकाणी ऐकायचे. कुणी "सदरा काढा" म्हणालं नाही, आणि न म्हणाल्याबद्दल मी मनातून त्यांचे उपकारच मानले. दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का, असं एकानं विचारलं होतं. मी "न्हाई" म्हणालो. छातीच्या दुखण्यासाठी आलोय, तिथं कातडीच्या गोळीचं काय काढायचं, असं वाटलं.

चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरते. द्वादशीला कावडी मुंगी घाटानं वर चढवतात. हातांची साखळी करून, दोर लावून, हर हर महादेव करत ती कावड सरळ कड्यावरून वर जाते. माझे वडील त्या साखळीत असायचे, तरुणपणी मीही होतो. त्या वर्षी मी घाटानं गेलोच नाही, सरळ पायऱ्यांच्या बाजूनं निघालो. वीस-पंचवीस पायऱ्यांवर थांबलो. छाती उघडत नव्हती. श्वास घ्यायचा तर अर्ध्यावरच अडत होता, जणू आत कुणी दार लोटून धरलंय. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाया शेजारून चढून जात होत्या. भावकीतल्या एकानं नखांकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, निळी पडल्यात तुमची." तिथूनच त्यांनी मला परत फिरवलं.

आमच्याकडं दुखणं हाताबाहेर गेलं की मिरज आठवते. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून माणदेशातली माणसं आजाऱ्याला बैलगाडीत घालून तिकडं नेत आलीत. माझ्या चुलत आजोबांना क्षय झाला तेव्हा त्यांनाही मिरजेच्या बाजूलाच नेलं होतं, ते परत आले नाहीत. म्हणून "मिरजेला जाऊ" म्हटल्यावर आईनं पदर तोंडाला लावला.

तिथल्या छातीच्या डॉक्टर बाई पस्तिशीच्या आतल्या असतील. त्यांनी बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं. बसल्या जागी ८८, खोलीत चार फेऱ्या मारून आल्यावर ८२. मग नळी हातात घेतली आणि म्हणाल्या, "काका, सदरा काढा."

मी म्हणालो, "वरूनच बघा की."

"वरून ऐकू येत नाही. काढा."

मुलगी बरोबर होती. तिनंच माझं गळ्याचं बटण सोडलं. बाई पाठीवर नळी ठेवायला वळल्या आणि थांबल्या. पाठीवर चट्ट्यांचे जुने डाग होते, काही अजून लाल. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. पाठीला खालपर्यंत नळी लावून बराच वेळ ऐकलं. श्वास घेताना तळाशी बारीक करकर येत होती, वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखी. मग त्यांनी समोर येऊन विचारलं, "याला काय घेता?"

मी गोळीचं नाव सांगितलं.

"कधीपासून?"

"भाद्रपदापासनं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. तोवर चार डॉक्टर झाले होते. या एका प्रश्नापर्यंत कुणी पोचलं नव्हतं आणि मी कुणाला पोचू दिलं नव्हतं.

सिटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांवर दुधाळ काचेसारखे पांढुरके पट्टे होते. थुंकी पुन्हा तपासली, टीबी नाही, दुसरे जंतूही नाहीत. मेथोट्रेक्सेट क्वचित एखाद्याच्या फुप्फुसाला सोसत नाही. तिथं दाह होतो, हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती सुजतात आणि प्राणवायू रक्तात उतरत नाही. सोरायसिसच्या रोग्यांत हे दुर्मीळ आहे, संधिवाताच्या रोग्यांत त्यापेक्षा जास्त दिसतं. बहुतेक वेळा गोळी सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात होतं. सुरुवात कोरडा खोकला, बारीक ताप आणि दम अशीच. माझ्या धुराच्या छातीचा यात हात किती, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, ते वेगळं काढून दाखवता येणार नाही, पण आधी खराब असलेल्या फुप्फुसाला हा धोका जास्त असतो.

गोळी त्याच दिवशी बंद. नऊ दिवस दवाखान्यात, नाकाला प्राणवायू, आणि स्टिरॉइड. ज्या सुईनं माझं अंग बिघडवलं तेच औषध आता श्वास वाचवायला लागलं. पण इथं ते मोजून दिलं आणि पुढं कित्येक आठवडे पायरी-पायरीनं कमी केलं. बाईंनी आणखी एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. माझ्यासमोर त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं दहा मिनिटं बोलत होते. माझ्या दोन फायली तोवर दोन गावांत पडून होत्या. त्या पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या.

तिसऱ्या दिवशी रात्री मला सलग चार तास झोप लागली. बायको खुर्चीत बसून माझी छाती वर-खाली होताना बघत राहिली होती, हे सकाळी शेजारच्या खाटेवरच्यानं सांगितलं.

स्टिरॉइड कमी होत गेलं तसा सोरायसिस परत आला, आधीपेक्षा जास्त. त्वचेच्या डॉक्टरांनी नव्या, महागड्या इंजेक्शनांचा विचार मांडला. ही इंजेक्शनं दाह पेटवणाऱ्या नेमक्या द्रव्याला अडवतात. पण त्यांतली काही देताना शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, म्हणून आधी तपासणी केल्याशिवाय ती सुई देत नाहीत. माझ्या हातावर टीबीच्या चाचणीची सुई टोचली, तर तिसऱ्या दिवशी तिथं चांगली मोठी गाठ आली. रोग नव्हता, पण जंतू आत होते. कोईमतूरला एका खोलीत आम्ही नऊ पोरं झोपायचो. त्यातल्या एकाला टीबी होऊन तो गावी गेला होता. चटई माझ्या शेजारची.

सहा महिने आयसोनियाझिडच्या गोळ्या घेतल्या. २०१९ च्या दुष्काळात गाई घेऊन म्हसवडला चारा छावणीत राहिलो, त्या गोळ्या तिथं पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. मधल्या काळात दवाखान्यात अतिनील किरणांच्या पेटीत उभं राहायचो, आधी काही सेकंद, मग मिनिटं. तेवढ्यानं अंग आटोक्यात आलं आणि इंजेक्शनाची वेळ आली नाही. पैशाच्या दृष्टीनं ती इंजेक्शनं झेपलीही नसती.

छावणीतच मी पहिल्यांदा चारचौघांत सदरा काढला. टँकर आला होता, उन्हानं अंग भाजत होतं, सगळे गडी पाण्याखाली उभे होते. शेजारच्या दावणीचा एक धनगर पोरगा पाठीकडं बघून म्हणाला, "काका, ह्यो सोरायसिस हाय न्हवं? माझ्या आयलाबी हाय." तिलाही दम लागतो, तो चुलीच्या धुरानं असेल असं त्यांना वाटत होतं. असेलही. सोरायसिसच्या माणसांत जुना दमा-खोकला, म्हणजे डॉक्टर ज्याला सीओपीडी म्हणतात तो, इतरांपेक्षा जास्त आढळतो. कातडीवर दिसणारा दाह तेवढ्यापुरताच नसतो. सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, छातीतही तो असू शकतो. मी त्या पोराला आईची गोळ्यांची पाकिटं घेऊन ये म्हणालो. ती कुठलीच गोळी घेत नव्हती, कारण ती कुणाला चट्टे दाखवायलाच गेली नव्हती. तिला घेऊन मीच त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. छातीही तपासून घेतली.

आज माझा प्राणवायू ९६ असतो. स्कॅनमध्ये तळाशी दोन बारीक रेघा उरल्या आहेत, त्या तशाच राहतील असं बाईंनी सांगितलंय. शिंगणापूरला मी दरवर्षी जातो, पायऱ्यांवर तीनदा बसतो. घरात बंडीवर असतो.

तुमच्या घरात कुणी सोरायसिससाठी किंवा संधिवातासाठी आठवड्याची ही गोळी घेत असेल आणि त्याला कोरडा खोकला किंवा दम सुरू झाला असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, कातडीची सुद्धा. आणि खुर्चीवर बसल्या बसल्या, त्यांनी सांगायची वाट न बघता, सदरा काढा.